गुळव्याची बायको

त्या साली कोल्हारच्या शिवारात ऊस माजला होता आणि गुळाचा भाव उसापेक्षाही जास्त माजला होता. लढाई कुठेतरी ब्रह्मदेशाच्या अंगाला चालली होती, साखर रेशनवर गेली होती, आणि पाटाच्या पाण्यावर ज्याचा ऊस होता तो मिशीला पीळ भरून हिंडत होता. आबासाहेबांच्या मिशा तर मुळातच मोठ्या. त्यांचं गुऱ्हाळ प्रवरेच्या काठाला होतं. दिवाळी सरली की ऊस पिळायचा चरक फिरू लागायचा तो थेट शिमग्यापर्यंत. नगरचे व्यापारी गाड्या घेऊन दारात येत आणि ढेपेचा तुकडा जिभेवर ठेवून म्हणत, "आबासाहेब, गूळ खावा तर तुमच्या रंगनाथच्या हातचा."

रंगनाथ म्हणजे तिथला गुळव्या. गुऱ्हाळावर माणसं पंचवीस असतात, पण गुळव्या एकच. रस उकळून आटत आला की नेमकी कोणत्या घडीला काहील चुलवाणावरून उतरवायची, हे सांगणारा तो. जरा लवकर उतरवली तर गूळ धरत नाही, नुसती काकवी राहते. जरा उशीर झाला की करपलाच. म्हणून गड्याला बारा आणे असले तरी गुळव्याला दोन रुपये, शिवाय रोज शेरभर गूळ. बाईला सहा आणे.

आता गंमत ऐका. रंगनाथला दिसत नव्हतं.

अगदी काळोख नव्हता, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि समोरचं माणूस त्याला ताकातून बघितल्यासारखं दिसायचं. रसाचा रंग पालटला की नाही हे त्याला कळत नव्हतं. बोटं म्हणावीत तर वीस वर्षं उकळत्या पाकात बुडवून त्यांची कातडी जोड्यासारखी झालेली. नगरला जाऊन डोळे कापून घ्या म्हटलं की तो घाबरायचा. आणि तरीही सलग तीन हंगाम त्याच्या हातून एक काहील बिघडली नव्हती, कारण गूळ तो करतच नव्हता. गूळ त्याची बायको झुंबरबाई करत होती, आणि ते ह्या भूतलावर दोनच माणसांना माहीत होतं.

झुंबरबाई चिपाडावर होती. रस काढून उरलेली उसाची चिपाडं वाळवायची, भारे बांधायचे, डोक्यावरून चुलवाणाच्या तोंडाशी आणून टाकायचे. तिथून पुढे तिला जायची मुभा नव्हती. काहिलीभोवती राखेची रेघ ओढलेली असायची आणि बाईने ती ओलांडायची नाही, हा तिथला कायदा. बाईची सावली पडली तर गूळ नासतो म्हणे. कोणी केला, कधी केला, विचारायची सोय नाही. बाईने ऊस खुरपावा, मोळ्या वाहाव्यात, चिपाड वाळवावं, हे सगळं चालतं. ज्या उसाला ती लागणीपासून हात लावते त्याच्या रसाला मात्र तिची सावली सोसत नाही. असल्या कायद्यापुढे शहाण्याने हसावं की रडावं ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण नाकाला आणि कानाला कोणी रेघ ओढू शकत नाही. पंधरा वर्षं त्या चुलवाणाशी भारे टाकून झुंबरबाईला गुळाचं सगळं कळत होतं. आधी रस खळखळतो, मग त्याचा आवाज जड होतो, मग तो फदफद करू लागतो. वासातला कच्चेपणा जातो आणि एका क्षणी असा काही खमंग दरवळ येतो की बस्स, तीच घडी. त्या घडीला ती भारा खाली टाकायची आणि नवऱ्याला मोठ्याने विचारायची, "अवं, पानी देऊ का?"

रंगनाथ तांब्या तोंडाला लावायचा, दोन बोटांनी पाकाची गोळी पाण्यात वळल्याचं सोंग करायचा आणि ओरडायचा, "उतरा!"

गडी म्हणायचे, रंगनाथला काहीतरी सिद्धी आहे, पाणी प्याल्यावर त्याला दिसतं. जाळव्या कानिफनाथ चुलवाणात चिपाडं सारता सारता चेष्टा करायचा, "वैनी, नवऱ्याची तहान तुमालाच बरी कळती!" झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसायची आणि पुढच्या भाऱ्याला वळायची.

तिचा दिवस मोजायला बसलं तर दिवस पुरत नाही. कोंबडं आरवायच्या आत उठून नदीवरून पाणी, सडा, भाकरी, चार वर्षांच्या लेकीला, बायडाला, शेजारच्या मुबारकबीच्या सासूकडे सोडणं, मग गुऱ्हाळ. रंगनाथ दुपारी आंब्याखाली तासभर आडवा व्हायचा, गुळव्याला ते मान्यच होतं. चिपाडावरच्या बाईने टेकलेलं मुकादमाला खपत नव्हतं. दिवस बुडाल्यावर घरी येऊन रंगनाथ म्हणायचा, "दमलो बुवा," आणि झुंबरबाई चुलीपुढे बसायची. जेवणं उरकली की त्याचे पाय चेपायचे. आणि बाजारच्या दिवशी मुकादम तिचे सहा आणे रोजाचे पैसेही रंगनाथच्या हातावर ठेवायचा. नवरा त्याच कामावर असला की बाईच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, अशी रीत होती.

रंगनाथ वाईट माणूस नव्हता, हेही सांगून टाकतो. दारू नाही, मारझोड नाही. पण डोळे गेलेत हे कळलं तर गुळव्याची गादी जाईल, ह्या भीतीने त्याला पोखरलं होतं. आणि बायकोमुळे गादी टिकलीय हे स्वतःशी कबूल करायची त्याहून मोठी भीती होती.

पौषात एक व्यापारी आला आणि त्याने आबासाहेबांच्या गुळाला पंचक्रोशीत सगळ्यांत वरचा भाव दिला. आबासाहेब खूश. त्यांनी बाजारच्या दिवशी सगळ्यांना चरकाभोवती गोळा केलं, रंगनाथच्या डोक्याला जरीचा फेटा बांधला आणि जाहीर केलं, "आजपासून रंगनाथला अडीच रुपये!"

मुबारकबी झुंबरबाईबरोबर चिपाडावरच होती आणि तिची जीभ कुणाच्या बापाला भीत नव्हती. ती म्हणाली, "अन् आमाला वं, आबासाहेब? भाकरीचं पीठ आमालाबी महागच मिळतंय."

"तुमाला काय? चिपाडं तर उचलता," आबासाहेब म्हणाले आणि सगळे गडी हसले. फेट्याखाली रंगनाथही हसला.

त्याचं ते हसणं झुंबरबाईच्या जिव्हारी लागलं. ती आजवर कधी चिडली नव्हती असं नाही, पण तिचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, फुंकर मारली की खाली. त्या दिवशी तो खाली बसला नाही. संध्याकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "आबासाहेबांस्नी खरं सांगा की."

"काय सांगू? माझी बायकू गूळ करती म्हनून? गावात तोंड दावायला जागा ऱ्हाईल का मला?"

"बरं, त्येंस्नी नगा सांगू. मला तरी म्हना. तुज्यामुळं झालं, येवढंच म्हना."

रंगनाथ फेट्याची जरीची किनार बोटांनी चाचपत राहिला. मग म्हणाला, "पैसा एकाच घरात येतोय न्हवं? मंग कुनाचा हात, कुनाचा पाय, काय करायचंय?" आणि पाय लांब केले, चेपायला.

तिने चेपले. पण तेवढं एक वाक्य तिला हवं होतं. तिचं काम तिचं आहे असं कोणीतरी म्हणावं, निदान ज्याच्यासाठी करते त्याने तरी, आणि त्या कामाच्या मोलाचं दाम तिच्या पदरात पडावं. ह्यापलीकडे तिला काही नको होतं. चेपता चेपता तिने मनाशी ठरवलं, उद्या पाणी विचारायचं नाही. त्याने वळून विचारावं. नुसतं "अगं" म्हणाला तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली काहील चढली. मळी काढून झाली, रस निवळायला भेंडीचं पाणी पडलं, रस वर आला, खाली बसला. झुंबरबाई भारे टाकत राहिली. फदफद सुरू झाली. रंगनाथने मान जराशी तिच्या बाजूला कलती केली. ती उभी राहिली. दरवळ आला, अगदी नेमका, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. तिने ओठ आवळून धरले. बोलावं गं, बोलावं, असं आतून कोणीतरी ओरडत होतं. विचारा ना, एकदा विचारा. रंगनाथच्या कपाळावर घाम आला. त्याने तांब्या चाचपला, तो रिकामा होता. चार माणसांत बायकोला हाक मारायची त्याची छाती झाली नाही. त्याने पाकात बोटं घातली, गोळी वळली, टाकली, पुन्हा वळली.

मग दरवळ कडवट झाला.

"उतरा!" रंगनाथ ओरडला तेव्हा धूर यायला लागला होता. गड्यांनी काहील ओढून गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली तर काळाभोर डांबर. एका काहिलीचा रस म्हणजे गुंठाभराचा ऊस तरी असेल. हे झुंबरबाईने केलं होतं. तोंड मिटून केलं होतं, पण केलं होतं, आणि त्याची लाज तिला वाटली.

आबासाहेब धावत आले आणि त्यांनी रंगनाथच्या सात पिढ्या काढल्या. तो खाली मान घालून उभा. तेवढ्यात कानिफनाथ, बिचारा भोळा माणूस, म्हणाला, "आज वैनींनी पानी न्हाई दिलं वं त्याला. रोज पानी दिलं की मंगच उतरतो."

म्हणाला आणि स्वतःच थांबला. आबासाहेब मूर्ख नव्हते. त्यांनी रंगनाथच्या तोंडापुढे बोटं हलवली. रंगनाथ दोन बोटं चार सांगून मोकळा झाला. मग ते झुंबरबाईकडे वळले. "बाई, खरं बोल. गूळ कोन करतं?"

"मी करते," ती म्हणाली. "तीन सालं झाली."

मुबारकबीने "या अल्ला" म्हणून तोंडावर हात ठेवला. आबासाहेबांनी तिथल्या तिथे परीक्षा घ्यायची ठरवली. दुसरी काहील चढवली. झुंबरबाई रेघेबाहेर उभी राहिली, डोळे मिटून. रस बोलत गेला, ती ऐकत गेली. "उतरा," ती म्हणाली. ह्या वेळी पाणी नाही, काही नाही, तिच्या स्वतःच्या तोंडून. गूळ वाफ्यात पडला तो सोन्यासारखा. दोन फावडी फिरली की रवा धरू लागला.

तिला रडू आलं. सुखाचंच होतं. सगळे बघत होते आणि कोणी हसत नव्हतं.

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. विटाळाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी एका दमात सोडवला. तीन सालं देव कोपला नाही, आता काय कोपतो? एक नारळ फोडू. "झुंबरबाई, उद्यापासून काहिलीवर तू ऱ्हा. रेघ पुसून टाकू."

"अन् मजुरी?" ती म्हणाली. मुबारकबीने तिला कोपराने ढोसलं होतं, म्हणून विचारायला जमलं.

"सहाचे आठ आने देतो. गावात कुन्या बाईला हाईत आठ आने? अन् रंगनाथला चरकावर घेतो, बैलांमागं फिरायला. बैलांना वाट ठावी असती, डोळं नसलं तरी चालतंय. त्याला गड्याचं बारा आनं. घरात सवा रुपया येतोय, काय वाईट हाय?"

झुंबरबाईला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "गुळव्याला अडीच रुपयं हुतं न्हवं?"

"गुळव्याला हुतं की. तू बाई हाईस."

"गूळ त्योच हाय, आबासाहेब."

"गूळ त्योच हाय गं. पन बाईला गुळव्याचा रोज दिला तर उद्या गावातली एक बाई सहा आन्यांत खुरपं धरायची न्हाई. मला गावात ऱ्हायचंय." हे मात्र ते अगदी खरं बोलले.

बैलांमागे आंधळ्याने चालायचे बारा आणे आणि गूळ करायचे आठ. झुंबरबाईने नवऱ्याकडे बघितलं. आता तरी काही बोलेल. रंगनाथ हात जोडून म्हणाला, "चालंल की, आबासाहेब. तिचं काय मनावर घेता."

तिने डोक्यावरची चुंबळ काढली आणि राखेच्या रेघेवर ठेवली. "न्हाई चालायचं," ती म्हणाली. "बाईच्या सावलीनं गूळ नासतो. तुमीच तर सांगितलंय." आणि चालायला लागली. मागे वळून तिने बघितलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर टाळ्या वाजवून घरी जाता आलं असतं. पण पोट टाळ्यांनी भरत नाही. आबासाहेबांनी राहुरीकडून एक गुळव्या आणला, पुरुषमाणूस. त्याला अडीच रुपये दिले, वर त्याचा गूळ दर आठवड्याला एकदा तरी बिघडायचा, तो सोसला. उद्धट बाईच्या नवऱ्याला चरकावरही जागा राहिली नाही. आसपासच्या गुऱ्हाळांवर बातमी आधीच पोचली होती. मुबारकबीलाही जीभ चालवल्याबद्दल काढलं. दोघी पाटाच्या कामावर गेल्या. गडी गाळ खोदायचे, बाया टोपल्या वाहायच्या. तिथेही खोदण्याला एक दर आणि वाहण्याला दुसरा. कामाचे तास मात्र दोघांना सारखेच, तांबडं फुटायच्या आधी निघायचं आणि दिवे लागले की परतायचं.

रंगनाथ दिवसभर ओट्यावर बसून असायचा. आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी बोलला तो असा, "तुज्या तोऱ्यापायी ही दशा झाली."

झुंबरबाई तेव्हा नुकतीच दारात टेकली होती. खांद्यापासून कंबरेपर्यंत अंग गाळाने भरलेलं, मान टोपलीखाली आखडलेली. घरात पिठाचा कण नव्हता, बायडा मुबारकबीच्या सासूच्या हातची अर्धी भाकर खाऊन झोपली होती.

"आसंल," ती म्हणाली. "माज्या तोऱ्यापायी आसंल. पन आज मी दळायची न्हाई. मला उठवत न्हाई. जात्याला डोळं लागत न्हाईत. बाजरी डब्यात हाय, उद्याला दळाल तर खाऊ, न्हाईतर ऱ्हाऊ उपाशी." आणि तशीच, पाय न धुता, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या आधी अंग टाकल्याची ही पहिली वेळ.

पहाटे तिला जाग आली ती घरघरीने. क्षणभर तिला वाटलं, शेजारचं जातं. मग कळलं, घरातलंच. रंगनाथ मांडी ठोकून बसला होता, एका हाताने खुंटा धरून, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने बाजरी चाचपत. अर्धी बाहेर सांडत होती. मधेच जातं अडत होतं, मधेच हिसक्याने सुटत होतं. दार त्याने आतून लावून घेतलं होतं आणि फटीला गोणपाट कोंबलं होतं. ती पडल्या पडल्या बघत राहिली. राग म्हणावा तर राग नव्हता, माया म्हणावी तर तेवढी सोपी मायाही नव्हती.

"न्हाई जमत," तो हळूच म्हणाला. तिची जाग त्याला कळली होती. मग जात्याकडेच तोंड ठेवून, "तू रोज कसं करायचीस?"

एवढ्यात बाहेरून पावलं वाजली. कामावर जायला मुबारकबी हाक मारायला आली होती. "झुंबरे! निघायचं न्हाई का गं?"

रंगनाथचा हात जागच्या जागी थिजला. अंधारात त्याने तिच्याकडे तोंड केलं. त्याला काही दिसत नव्हतं, पण त्याची केविलवाणी मान तिला दिसत होती. "सांगू नगंस," तो पुटपुटला. "तुज्या पाया पडतो. गाव हसंल."

झुंबरबाई उठून बसली. सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. दार उघडावं, मुबारकबीला आत घ्यावं, गावाला घ्यावं, दाखवावं. तिच्यासाठी हा माणूस कधी तोंड उघडून एक शब्द बोलला नव्हता.

"माझं दळन चाललंय गं!" ती दाराकडे तोंड करून म्हणाली. "हो म्होरं, आलेच."

रंगनाथने सुस्कारा सोडला आणि खुंटा पुन्हा धरला. जातं अडखळत फिरू लागलं. दाराबाहेर मुबारकबी घटकाभर ऐकत थांबली.

"आज काय गं हे?" ती म्हणाली. "पोरीसोरीबी बरं दळत्यात ह्यापरीस. हात गेला का काय तुजा?"

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. "गेला."